बिनरंगाचं औषध

एखादा दात उपटावा लागला की त्या दिवशी आ डॉक्टर कोणाशी धड बोलत नसत. दवाखान्याचं दार ओढून घेत आणि घरात कोणी गेल्यासारखे मुकाट बसून राहत. दातांच्या डॉक्टरने दात उपटल्याचं दुःख करावं, हे आमच्या कारंज्याला पटण्यासारखं नव्हतं. बाजाराच्या दिवशी चौकात सतरंजी अंथरून बसणारा दातवाला उपटलेल्या दातांचा ढीग पुढ्यात मांडायचा, आणि ढीग जेवढा मोठा तेवढी लोकांची त्याच्यावर श्रद्धा मोठी. त्यातले काही दात बैलांचे असावेत अशी मला शंका होती. पण दात कोणाचे हे श्रद्धा विचारत नाही. आ डॉक्टरांकडे ढीग नव्हता. एक खुर्ची, एक बाकडं, एक आरसा आणि एक बाटली. ज्याच्याजवळ दाखवायला एक दात नाही तो कसला दातांचा डॉक्टर, असा निकाल गावाने ते आले त्याच वर्षी देऊन टाकला होता.

त्यांचं खरं नाव आणि मुंबईची पदवी दारावरच्या पाटीवर होती. पाटी कोणी वाचली नाही, गावाला ते आ डॉक्टरच. खुर्चीत माणूस बसला की ते "आ" म्हणत, थोडं थांबून "अजून आ" म्हणत, आणि मग बराच वेळ काहीच म्हणत नसत. दातांच्या बाजूने कापसाच्या वळ्या ठेवायच्या, दात कोरडे करायचे, बोळ्याने औषध लावायचं आणि ते वाळेपर्यंत रोग्याने तोंड उघडं ठेवून गप्प राहायचं, अशी त्यांची पद्धत. आमच्या वऱ्हाडात तोंड उघडतं ते बोलण्यासाठी. उघड्या तोंडाने गप्प बसण्याची शिक्षा लोकांनी त्यापूर्वी ऐकलेली नव्हती. धनजचा एक शेतकरी बाहेर येऊन म्हणाला होता, "दात दुखत होता तवा निदान वरडता तरी येत होतं, बाप्पा!"

माझा त्यांच्याशी संबंध आला तो माझ्या पुढच्या दोन दातांमुळे. वऱ्हाड मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात जाणार की काय, याची चर्चा गावात जोरात होती ते दिवस. मी सतरा वर्षांची, नुकतीच मॅट्रिक झालेली. लहानपणापासून मला वाचताना ओठाआड खडीसाखरेचा खडा धरून ठेवायची सवय. पुस्तक संपेपर्यंत खडा पुरवायचा, ही माझी काटकसर. या काटकसरीचा परिणाम म्हणून वरच्या दोन दातांवर हिरडीलगत खडूने ओढल्यासारखे पांढरे पट्टे उमटले होते. दुखत काहीच नव्हतं. पण मुलगी लग्नाची झाली की न दुखणाऱ्या गोष्टीही घरच्यांना दुखू लागतात.

आईवडील लहानपणीच गेल्यामुळे मी नानाकाका आणि काकूंकडे वाढले. नानाकाका हे गावातल्या प्रत्येक सत्कार समितीचे अध्यक्ष. कोणी मंत्री येवो, महाराज येवोत, की कोणी नुसता बदली होऊन जावो. हार, मानपत्र आणि अध्यक्षीय भाषण यांची जबाबदारी काकांची. पहिल्यांदा अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी अकोल्याला जाऊन एका धडधाकट दातावर सोनं चढवून घेतलं होतं. तो दात डाव्या बाजूला होता, त्यामुळे फोटो काढताना ते ओठाची डावी बाजू जरा उचलून धरत. जुन्या फोटोंत ते कोणाचा तरी तिरस्कार करत असल्यासारखे दिसतात. तसं काही नव्हतं. माणूस अतिशय प्रेमळ, फक्त प्रेम जाहीर कार्यक्रमातून करणारा.

मंगरुळाहून मला पाहायला मंडळी आली. मुलाने मला एकच प्रश्न विचारला, "काय वाचता?" आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घेतलं. एवढ्यावर मी मनातल्या मनात होकार देऊन टाकला. त्याची आई सारा वेळ तोंडावर पदर धरून बसली होती. काकूंनी याला खानदानी वळण म्हटलं. मात्र भजं खाताना तो पदर क्षणभर ढळला आणि आत सोन्याचा दात चमकला. बाकी कोणी काही पाहिलं असेल नसेल, काकांनी तो दात पाहिला.

मंडळी गेल्यावर काका ओसरीवर उभे राहून म्हणाले, "सोन्याचा दात असलेलं घराणं आहे. तिथं आपली मुलगी डागाळलेल्या दातांनी पाठवणं शोभत नाही. दोन्ही दातांवर सोनं चढवून देऊ." घरातही ते असंच बोलत, वऱ्हाडी त्यांनी समित्यांच्या बाहेर ठेवली होती. अकोल्याच्या सोनं चढवणाऱ्या दातवाल्याला कळवणं झालं आणि मध्यस्थाकडून मंगरुळाला निरोपही गेला. सोनं चढवायचं म्हणजे आधी दात चारी बाजूंनी कानशीने घासून बारीक खुंट करायचे, हे मला काकांच्याच जुन्या वर्णनावरून माहीत होतं. एकदा घासलेला दात परत वाढत नाही. साखरपुड्याआधी हे व्हायचं होतं, आणि तेवढ्याच मुदतीत माझे दोन दात माझे राहणार की काकांच्या कीर्तीचे होणार, हे ठरायचं होतं.

काकूंनी मला गुपचूप आ डॉक्टरांकडे नेलं. त्यांना ना आरशाशी काही घेणं होतं, ना पाटीवरच्या पदवीशी. त्यांना फक्त "चढवा" किंवा "चढवू नका" एवढं ऐकायचं होतं. डॉक्टरांनी फुग्याच्या पिचकारीने दातावर वारा घातला, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "भोक पडलं नाई. भिंत शाबूत आहे, नुसता गिलावा भुसभुशीत होऊन राह्यला. आताच हात घातला तर थांबते."

"जाईन का पन डाग?" काकूंनी विचारलं.

"थांबन म्हनतो मी. जाईन म्हनत नाई. ग्यारंटी पाह्यजे तर ते बाजारात सतरंजीवर भेटते."

मग त्यांनी ती बाटली काढली. आतलं औषध पाण्यासारखं होतं. काकूंनी ते उजेडात धरून पाहिलं. ना लाल, ना जांभळं, ना वास. माझ्या दातांना लागल्यावर झोंबलंही नाही, किंचित खारट लागलं एवढंच. काकूंचा चेहरा पडला. आमच्याकडे मिक्श्चरला रंग नसेल तर माणूस बरं व्हायला तयार नसे. डॉक्टरांना कोणी तरी सुचवलंही होतं, थेंबभर गुलाबी रंग घाला, दवाखाना भरून वाहील. त्यावर ते म्हणाले होते, "मंग गुलाबी रंगाचंच पुन्य लागन, औषधाले कोन विचारते?" औषधाचं नाव सोडियम फ्लोराइड. मुंबईहून पूड मागवून ते स्वतः तयार करत. पुढे एका दुकानदाराने बातमी फोडली की हीच पूड झुरळं मारायला वापरतात. गाव हादरलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "खरं आहे. जास्त झालं तर इखच ते. म्हनून तर म्हनतो, गिळजो नको. भाजीत मूठभर मीठ पडलं तर तुमी भाजी फेकता का मिठाचा धंदा बंद करता?"

औषध चार खेपांत लावायचं होतं. पहिल्या खेपेला त्यांनी बजावून सांगितलं होतं की अर्धा तास पाणी प्यायचं नाही, चूळ भरायची नाही. तोंडात आलेलं थुंकायचं, बस. घरी पोचताच काकूंनी तांब्या पुढे केला. परक्या माणसाचा हात तोंडात गेलेला, कापूस कुठला कुठला; तुळशीचं पान घालून त्यांनी मला चांगल्या खळखळून चुळा भरायला लावल्या. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं आणि काकूंनी अभिमानाने सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी चौकशी केली, तेव्हा कळलं की आजवर आलेल्या बहुतेक सगळ्यांनीच घरी जाऊन हे केलं होतं. जैनांच्या घरचे लोक तर दाराशी थांबून, आधी चूळ आणि मग उंबरा. वर्षभर त्यांचं औषध कारंज्याच्या मोऱ्यांतून वाहून गेलं होतं. मोऱ्या मजबूत झाल्या असतील. डॉक्टरांनी बाहेरचं बाकडं आत ओढून घेतलं. "आजपासून अर्धा तास इथंच बसजा. घरी जाऊन काय करायचं ते करा."

ते बाकडं माझं दुसरं शाळाघर झालं. तिथे चहा नाही, पान नाही, पाणी नाही. आल्यागेल्याला चहा विचारायचा नाही, याची डॉक्टरांच्या आईला फार लाज वाटे. ती आतल्या दाराशी बसलेली असे, अगदी बोळकं तोंड, वाटीतल्या दुधात पोळी भिजवत. मी तिला म्हातारी समजत होते. वय विचारलं तेव्हा कळलं, पन्नाशीही उलटली नव्हती. डॉक्टर जन्मायच्या आधीच बाजारातल्या सतरंज्यांवर तिचे दात एकेक करून गेले होते. "हा लहान होता ना, तं पह्यले आपल्या तोंडात फुटाना घेये अन् फोडून मले देये," ती एकदा म्हणाली. डॉक्टरांनी आतून "माय!" म्हणून तिला गप्प केलं. ते दात उपटायला का भितात, हे त्यानंतर मला कोणाला विचारावं लागलं नाही.

बाकड्यावरच्या लोकांनी उठून जाऊ नये म्हणून डॉक्टर नागपूरचा पेपर वाचून दाखवत. त्यांचा आवाज सपाट होता, सातबारा वाचावा तसा. त्या आवाजात कोणत्याही भाषणाचं काय होतं, ते मी तिथे शिकले. एकदा त्यांनी पेपरात छापून आलेलं, काकांनीच लिहिलेलं एक मानपत्र वाचलं. "'आपण या नगरीचे कल्पवृक्ष आहात, कामधेनू आहात, चिंतामणी आहात.' तिन्ही एकटेच. बरं. पुढं, 'आपल्या पदस्पर्शाने येथील धूळ पावन झाली.' धूळ अजून तिथंच आहे. कापसाचे भाव." बाकडं हसून गदगदत होतं. खुर्चीतला पोहरादेवीचा माणूस तोंडात कापसाच्या वळ्या घेऊन हसूही शकत नव्हता, त्याच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. पुढे मी जे काही वाचलं, ते आधी मनातल्या मनात या आवाजात वाचून पाहिलं. जे टिकलं ते टिकलं.

चारही खेपा झाल्या. डाग होते तिथेच होते. पण एक फरक पडला होता आणि तो फक्त माझ्या जिभेला माहीत होता. आधी त्या जागी जीभ फिरवली की खरबरीत लागायचं, नवी पाटी लागते तसं. आता गुळगुळीत लागत होतं. डॉक्टर म्हणाले, हीच खूण. आता तुझीच लाळ दाताले पोसन, मी नुसतं सामान पोचवलं. हिवाळाभर थांबा.

हे मी धीर करून काकांना सांगितलं. ते म्हणाले, "डाग दिसतो आहे ना?"

"दिसतो, पण गुळगुळीत झाला. जिभेला कळतं."

"मंगरुळचे लोक काय जीभ लावून पाहणार आहेत?"

"अवो, काय बोलून राह्यले पोरीसमोर!" काकू आतून ओरडल्या. पण अकोल्याचा दिवस काही बदलला नाही.

त्या दिवशी सकाळी आम्ही तिघं टांग्यातून स्टेशनवर गेलो. छोटी गाडी मूर्तिजापुरापर्यंत, पुढे मोठी. काका घरून निघाल्यापासून बोलले नव्हते. मला वाटलं, गांभीर्य. पण स्टेशनावर मास्तर नमस्कार करून पुढे आले आणि काकांनी त्यांना भाषण न करता नुसता हात वर केला, तेव्हा काकूंनी त्यांचा चेहरा उजेडाकडे वळवून पाहिला. डावा गाल मोसंब्यासारखा सुजला होता.

"कवापासून?" काकूंनी विचारलं.

"रातीपासून," काका म्हणाले. त्यांची अध्यक्षीय भाषा सुजेबरोबर निघून गेली होती. "लवंग ठेवली व्हती. आता अकोल्यालेच तं चाललो ना दातवाल्याकडं."

"तिथलोक जीव राहीन का? टांगा फिरवा!"

"अवो, गावात लोक काय म्हनतीन? त्या आ डॉक्टरकडं..."

"लोक काय म्हनतीन ते म्हनतीन, तुमाले तं काई म्हनता येऊन नाई राह्यलं!"

गाडी शिटी देऊन आमच्याशिवाय गेली.

डॉक्टरांनी काकांना खुर्चीत बसवलं, सोन्याची टोपी सैल करून अलगद उचलली आणि खोलीत असा वास सुटला की बाकड्यावरची माणसं उठून दाराशी गेली. सोन्याखाली दात उरलाच नव्हता. काळा, मऊ, ओल्या कोळशासारखा खुंट. डॉक्टरांनी आरसा काकांच्या हातात दिला. "नानासाहेब, सोनं चढवलं तवा दात चांगला होता?"

काकांनी मान हलवली. चांगला होता.

तो काढण्यावाचून इलाज नव्हता. सुई देऊन डॉक्टरांनी तो काढला. काकांना दुखलं असेल, पण डॉक्टरांचा चेहरा जास्त उतरला होता. त्यांनी काकांच्या तोंडात कापूस कोंबला आणि म्हणाले, "दाबून धरा. आता बोलजा नका." ते हात धुऊन आले, ट्रेमधल्या टोपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एरवी कोणाच्या घरच्या गोष्टीत न पडणारा हा माणूस त्या दिवशी खुर्चीसमोर उभा राहिला.

"नानासाहेब, एकच गोष्ट इचारतो. या पोरीचे दोन चांगले दात घासून त्याच्यावर सोनं चढवायचं का?"

काकांनी बोलायला तोंड उघडलं.

"बोलजा नका, रक्त येईन. मान हलवा."

माझ्या आठवणीत काकांनी कुठल्याही प्रश्नाला प्रस्तावना केल्याशिवाय उत्तर दिलेलं नव्हतं. ते त्या काळ्या खुंटाकडे पाहत राहिले, मग टोपीकडे, मग माझ्याकडे. मी तोंड घट्ट मिटून उभी होते. काकूंनी माझा दंड धरला होता आणि त्यांची बोटं रुतत होती. दाराशी बाकड्यावरची माणसं थांबली होती. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं; पुढे ते म्हणत की ते सुईमुळे. मग त्यांनी मान हलवली. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, आणि कोणाला शंका राहू नये म्हणून पुन्हा एकदा. त्यांच्या आयुष्यातला भाषणाशिवाय मंजूर झालेला हा एकमेव ठराव. मी बाकड्यावर बसले.

राहिला प्रश्न मंगरुळाचा. सोन्याचा निरोप गेलेला होता. साखरपुड्याच्या दिवशी मुलाची आई मला माजघरात घेऊन गेली, दार लोटलं आणि म्हणाली, "दाखव बाई दात." मी दाखवले. तिने मोठा श्वास सोडला. "बरं झालं माय! तुह्या काकाचा निरोप आला तवापासून माह्या जिवाले घोर लागला होता. माहा दात पडला तं सासऱ्यानं हौसेनं सोन्याचा बसवला. तवापासून पदराआडच हासनं होते माहं. चार बाया बसल्या का समद्या दाताकडं पाह्यतेत, मी काय बोलून राह्यली ते कोनी आयकतच नाई." खानदानी वळण ते एवढंच होतं. आम्ही दोघी त्या माजघरात इतक्या हसलो की काकूंना दार ठोठावावं लागलं.

डॉक्टर त्यानंतर कारंज्यात फार दिवस राहिले नाहीत. न दुखणाऱ्या दाताला गिऱ्हाईक नसतं. मोठ्या शहरात शाळेतल्या मुलांचे दात तपासायचं काम त्यांना मिळालं. काकांनी ताबडतोब सत्कार समिती स्थापन केली, मानपत्र लिहायला घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, "अन् वाचून कोन दाखवन? मीच?" काका दोन दिवस रुसले होते. मग मानपत्राशिवाय, नुसता हार घेऊन स्टेशनवर गेले. हे मला काकूंकडून कळलं, मी तेव्हा मंगरुळाला होते.

मी डॉक्टरांना शेवटचं पाहिलं ते लग्नाच्या आदल्या आठवड्यात. एकदा येऊन दाखवून जा, असा त्यांचा निरोप होता. दवाखान्यात कोणी नव्हतं. त्यांनी वारा घालून दात कोरडे केले, आरसा धरून बराच वेळ पाहिलं, नखाने हलकेच घासून पाहिलं. मग आत हाक मारली. "माय, इकडं ये. हे पाह्य."

ती पदराला हात पुसत आली. काय पाहायचं ते तिला कळेना. त्यांनी तिचा अंगठा धरून माझ्या दातावर ठेवला. तिने तो हळूच फिरवला, एका दातावरून दुसऱ्यावर, आणि पुन्हा मागे.

"गुळगुळीत हायेत रे," ती म्हणाली. अंगठा मागे घेऊन म्हणाली, "असेच माहे बी होते."

डॉक्टर बाटलीचं बूच लावत होते.

"हे राहतीन, बाई," तिने माझ्या गालावर हात ठेवून सांगितलं. "तुहे हे राहतीन."

राहिले. दोन्ही.